धूम्रपानबंदी आणि व्यवसायस्वातंत्र्य

खासगी मालकीच्या उपाहारगृहात धूम्रपानास मुभा असावी की नसावी, हे कोणी ठरवावयाचे? हा प्रश्न प्रथमदर्शनी मालमत्तेच्या हक्काचा वाटतो. परंतु घटनात्मक विधीच्या दृष्टीने तो व्यवसायस्वातंत्र्याचा आणि त्यावरील निर्बंधांच्या मर्यादेचा प्रश्न होय. जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने ३० जुलै २००८ रोजी दिलेला निर्णय या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे.

जर्मनीत उपाहारगृहांचे नियमन हा घटकराज्यांचा विषय आहे. बाडेन-वुर्टेंबर्ग व बर्लिन या राज्यांच्या कायद्यांनी उपाहारगृहांत व मद्यगृहांत धूम्रपानास बंदी केली. परंतु पूर्णतः विलग अशी बाजूची खोली असल्यास तेथे धूम्रपानास परवानगी ठेवली. ही सवलत दिसावयास सर्वांना सारखी होती. तथापि गल्लीच्या कोपऱ्यावरील एकखोली मद्यगृहाच्या चालकास दुसरी खोली कोठून आणावी, हा प्रश्न होता. त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक बहुतांशी धूम्रपान करणारे. ते मोठ्या मद्यगृहाकडे वळले, म्हणजे त्याचा धंदाच बुडावयाचा. अशाच लहान चालकांनी न्यायालयाकडे धाव घेतली.

जर्मन मूलभूत कायद्याचा अनुच्छेद १२ व्यवसायस्वातंत्र्याची हमी देतो. १९५८ च्या औषधालय-निर्णयापासून न्यायालय व्यवसायाची निवड व व्यवसायाचे आचरण यांत भेद करीत आले आहे. आचरणावरील निर्बंधास लोकहिताचे वाजवी कारण पुरते, मात्र निर्बंध उद्दिष्टाच्या प्रमाणात असला पाहिजे. आरोग्यरक्षण हे अत्यंत महत्त्वाचे लोकहित असल्याने, निरपवाद व संपूर्ण बंदी घालण्यास विधिमंडळ मुखत्यार आहे, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. मग हे कायदे दोषी कसे ठरले? विधिमंडळाने अपवाद ठेवून आपल्या उद्दिष्टास स्वतःच मुरड घातली होती. आरोग्यरक्षणाचा आग्रह एकदा सैल केल्यावर, त्याच उद्दिष्टाच्या नावाने केवळ लहान चालकावर अस्तित्वाचे संकट लादणे प्रमाणास धरून नाही, असा या युक्तिवादाचा गाभा आहे.

सहा विरुद्ध दोन अशा या निर्णयातील दोन्ही भिन्नमते परस्परविरुद्ध दिशांची होती. न्यायमूर्ती ब्रायड यांच्या मते हे कायदे वैधच होते. उलट न्यायमूर्ती माझिंग यांना, संपूर्ण बंदी वैध ठरेल हे बहुमताचे प्रतिपादनच अमान्य होते.

न्यायालयाने नव्या तरतुदीसाठी २००९ अखेरपर्यंत मुदत दिली. तोवर ७५ चौरस मीटरांहून लहान, बाजूची खोली नसलेल्या, तयार खाद्यपदार्थ न देणाऱ्या आणि अठरा वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश न देणाऱ्या मद्यगृहांस, तसा फलक प्रवेशद्वारी लावण्याच्या अटीवर, सूट मिळाली. परंतु हा विजय किती अस्थिर होता, हे बव्हेरियात दिसून आले. तेथे ४ जुलै २०१० च्या लोकनिर्णयात सुमारे ६१ टक्के मतदारांनी कडक बंदीस कौल दिला, आणि तिच्याविरुद्धची तक्रार घटना न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विचारार्थ स्वीकारली नाही. अपवाद उरला नाही, म्हणून विषमतेची तक्रारही उरली नाही.

भारतीय वाचकास येथे आपला कायदा आठवल्यावाचून राहणार नाही. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, सार्वजनिक वाहने इत्यादी ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. त्या यादीत उपाहारगृहे नव्हती. २००३ च्या कायद्याने ती समाविष्ट केली. जेथे जनतेस प्रवेश आहे, मग तो हक्काने असो वा नसो, ते सार्वजनिक स्थळ, अशी त्याची व्याख्या असल्याने खासगी मालकीचा बचाव तेथे टिकत नाही. मात्र कलम ४ च्या परंतुकाने तीस खोल्यांच्या हॉटेलास व तीस वा अधिक आसनांच्या उपाहारगृहास धूम्रपानासाठी स्वतंत्र जागा ठेवण्याची मुभा दिली. म्हणजे वीस आसनांच्या चालकास जी गोष्ट वर्ज्य, ती शेजारच्या मोठ्या चालकास शक्य!

अनुच्छेद १९(१)(छ) खालील हक्कावर १९(६) अन्वये सार्वजनिक हितार्थ वाजवी निर्बंध घालता येतात. ‘वाजवी’ या शब्दाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये चिंतामण राव खटल्यात, योगायोगाने विड्यांच्याच संदर्भात, स्पष्ट केला. शेतीला मजूर मिळावेत म्हणून हंगामात विड्या वळण्यास केलेली बंदी, शेतकाम न झेपणाऱ्या वृद्ध व अपंगांसही लागू होत असल्याने, उद्दिष्टाबाहेर गेलेली ठरली. तथापि या दाखल्यावरून लहान चालकाची बाजू आपोआप सिद्ध होते असे नव्हे. तीस आसनांखालील जागेत धूर खरोखर विलग करता येत नाही, असे शासनास दाखविता आले, तर भेद सकारण ठरेल. शिवाय जर्मन चालकांप्रमाणे व्यवसायाच्या अस्तित्वावरच घाला पडतो, हेही येथील चालकास सिद्ध करावे लागेल.

सारांश, मालकाचा हक्क बंदीस रोखण्याइतका प्रबळ नाही. परंतु शासनाने अपवाद केला, की त्या अपवादाचे कारण विचारण्याइतका तो खचित समर्थ आहे.