कावेरीकाठच्या परसातली पपई
परसात लावायच्या फळझाडांत पपईइतके लवकर फळ देणारे झाड क्वचितच सापडते. लागणीपासून नऊ-दहा महिन्यांत पहिले फळ हाती येते. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली ही वनस्पती सोळाव्या शतकात युरोपीय जहाजांबरोबर आशियात पोहोचली आणि भारतात घरोघर रुजली.

कुंभकोणमजवळ कावेरीच्या खोऱ्यात गाळाची सुपीक, पण पाणी धरून ठेवणारी जमीन आहे. भाताला ती मानवते, पपईला नाही. बुंध्याशी दोन दिवस पाणी साचले तरी मुळे गुदमरतात, बुंधा सडू लागतो आणि चांगले वाढलेले झाड कोलमडते. शिवाय इथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. म्हणून रोप जून-जुलैत लावावे, म्हणजे पावसाआधी ते मूळ धरते. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा माती व शेणखताने भरून वर उंचवटा करावा आणि पाणी निघून जायला चर ठेवावा. दोन झाडांत सहा फुटांचे अंतर पुरते. खताच्या मात्रेपेक्षा निचऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे.

दुसरा प्रश्न नर-मादीचा. काही वाणांत नर आणि मादी झाडे वेगळी असतात व फुले येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत. नराची फुले लांब, लोंबत्या तुऱ्यांवर येतात; मादीची मोठी कळी खोडालगत बसते. त्यामुळे एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून फुलांनंतर नको ती काढतात. वीस माद्यांमागे एक नर पुरतो. दोन-चार झाडांच्या परसात हा खटाटोप परवडत नाही. तिथे मादी आणि उभयलिंगी झाडेच देणारे वाण बरे. कोइंबतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाचे को-3 आणि को-7 हे त्यांतलेच. बाजारातल्या संकरित फळाचे बी लावले तर झाड मूळ वाणासारखे निघेलच असे नाही. बियांवरचे बुळबुळीत आवरण उगवण रोखते, म्हणून ते राखेने चोळून धुवावे. पिशवीत पेरलेले रोप साधारण दोन महिन्यांत लावण्याजोगे होते.

पानांवर पिवळे-हिरवे चट्टे आणि फळांवर वर्तुळे दिसली, तर तो माव्यामार्फत पसरणारा विषाणुरोग समजावा. त्यावर औषध नाही. झाड उपटून नष्ट करावे. पिठ्या ढेकणाची गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. मध्य अमेरिकेतला हा कीटक 2008 मध्ये कोइंबतूरला आढळला आणि पपईबरोबर तुती, टॅपिओका यांवरही पसरला. फवारण्या अपुऱ्या पडल्या, कारण मेणचट पांढऱ्या आवरणाखाली तो सुरक्षित राहतो. अखेर 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून अॅसेरोफॅगस पपायी ही चिमुकली परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली आणि कीड आटोक्यात आली. परसात सरसकट विषारी फवारा मारला तर हे मित्रकीटकही मरतात. सुरुवातीलाच पाण्याच्या जोरदार धारेने कीड धुऊन काढणे शहाणपणाचे.

सालीवर पिवळी रेघ उमटली आणि चीक पाण्यासारखा पातळ झाला की फळ उतरवावे. कच्च्या फळाचा दाट चीक त्वचेला झोंबतो, म्हणून भाजीसाठी ते चिरून धुऊन घेतात. गर्भवतींनी कच्ची पपई टाळावी. दोन-तीन वर्षांनी फळे लहान व कमी होतात, झाड हाताबाहेर उंच जाते. त्याआधीच नवे रोप दुसऱ्या जागी लावावे.