आंबट सफरचंदात साखर किती?

सरकारी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर फळांची एखादी तरी गाडी असतेच. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून नातेवाईक तिथे थांबतात. रुग्णाला मधुमेह असेल तर प्रश्न पडतो, सफरचंद लाल घ्यावे की हिरवे? ‘हिरवे आंबट असते, त्यात साखर नसते,’ असे कोणीतरी सांगतो आणि जास्त पैसे मोजून हिरवी सफरचंदे घेतली जातात.

हा समज दोन्हीकडून नडतो. काही मधुमेही हिरवी सफरचंदे निर्धास्तपणे दिवसाला तीन-तीन खातात, तर काही जण घरात आलेल्या गोड सफरचंदाला भीतीने हातही लावत नाहीत. दोघांचाही भरवसा जिभेवर असतो. पण फळातली साखर मोजण्याचे काम जिभेला जमत नाही.

याची परीक्षा घरीच घेता येते. काश्मीर किंवा हिमाचलचे लाल डिलिशियस, गाला, फुजी आणि हिरवे ग्रॅनी स्मिथ अशी चार सफरचंदे आणावीत. ती स्वच्छ धुऊन, साल न काढता त्यांच्या फोडी कराव्यात आणि डोळे मिटून एकेक चाखावी. डोळे मिटायचे कारण असे, की लाल रंग दिसला की मन आधीच गोडाची अपेक्षा करते. दोन फोडींच्या मध्ये घोटभर पाणी प्यावे.

डिलिशियस हे मूळचे अमेरिकेतील आयोवा राज्यातले. खालच्या बाजूला पाच उंचवटे असतात, त्यावरून ते ओळखता येते. चव सौम्य गोड, आंबटपणा अगदी कमी. फार दिवस साठवलेले असेल तर ते पिठूळ लागते. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन सैल पडते, मग चावल्यावर पेशी फुटून रस येण्याऐवजी त्या नुसत्याच सुट्या होतात. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या गालाची साल पातळ, वास छान आणि चव गोड. जपानचे फुजी घट्ट, करकरीत आणि रसाळ असते. डिलिशियस हे त्याच्या दोन पालक वाणांपैकी एक. चौघांत सर्वांत गोड बहुतेकांना तेच वाटेल. ग्रॅनी स्मिथ 1868च्या सुमारास ऑस्ट्रेलियात मारिया अ‍ॅन स्मिथ या बाईंच्या बागेत उगवले. त्याचा पहिलाच घास डोळे बारीक करायला लावतो.

आता आकडे पाहू. ग्रॅनी स्मिथच्या 100 ग्रॅम गरात साधारण 10 ग्रॅम साखर असते, तर फुजीत 12 ते 13 ग्रॅम. डिलिशियस आणि गाला या दोघांच्या मधे येतात. फळ किती पिकले आहे, किती दिवस साठवले आहे, यानुसार हे आकडे थोडे मागेपुढे होतात. दीडशे ग्रॅमचे एक फळ धरले, तर सर्वांत आंबट आणि सर्वांत गोड सफरचंदात चार-पाच ग्रॅमचा, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढ्या साखरेचा फरक पडतो. एका फुजीतून सुमारे 19 ग्रॅम साखर पोटात जाते. तीन ग्रॅनी स्मिथमधून 45 ग्रॅम जाते, म्हणजे दुपटीहून जास्त.

मग जिभेला एवढा मोठा फरक का जाणवतो? लिंबाचे सरबत आठवावे. साखर तेवढीच ठेवून आणखी अर्धे लिंबू पिळले, तर सरबत कमी गोड लागते, पण पेल्यातली साखर कमी झालेली नसते. सफरचंदात लिंबाचे काम मॅलिक आम्ल करते. ग्रॅनी स्मिथमध्ये हे आम्ल भरपूर असते, डिलिशियसमध्ये कमी. आपल्याला गोडी जाणवते ती साखर आणि आम्ल यांच्या प्रमाणावरून.

रक्तातील साखरेसाठी वाणापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: किती खाल्ले आणि कसे खाल्ले. अख्ख्या सफरचंदाचा ग्लायसेमिक इंडेक्स 40च्या आसपास, म्हणजे कमी गटात येतो. त्यातली बरीचशी साखर फ्रुक्टोज असते आणि तंतूंमुळे ती सावकाश शोषली जाते. रस काढून गाळला की हा फायदा निघून जातो. ‘लॅन्सेट’मध्ये 1977 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी व्यक्तींना सफरचंद तीन प्रकारे दिले: अख्खे, लगदा करून आणि रस काढून. तिन्हींत कर्बोदके सारखीच होती. रस सर्वांत पटकन संपला, पोट सर्वांत कमी भरले आणि इन्सुलिन मात्र जास्त स्रवले.

म्हणून साखर आटोक्यात असलेल्या मधुमेहीने लहानसे एक सफरचंद, कोणत्याही वाणाचे, सालीसकट चावून खायला हरकत नसते. जेवणावर लगेच खाण्यापेक्षा मधल्या भुकेला खाल्लेले बरे. फक्त एक अपवाद लक्षात ठेवावा. औषधामुळे साखर अचानक उतरली, घाम सुटून हातपाय थरथरू लागले, तर सफरचंद कापत बसू नये. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे.

गाडीवर सफरचंदाच्या शेजारी पेरू असतो. त्यात तंतू सफरचंदाच्या दुपटीच्या आसपास आणि क जीवनसत्त्व कितीतरी पटींनी जास्त असते, किंमत मात्र सहसा कमीच. महागडे हिरवे सफरचंद परवडत नाही म्हणून कोणी मनाला लावून घेऊ नये. वाण आपल्या आवडीने आणि खिशाप्रमाणे निवडावे. साखर मोजायची असेल, तर त्यासाठी जीभ नव्हे, ग्लुकोमीटर आहे.