तार पंचमाच्या वर

सॅक्सोफोनवादक कद्री गोपालनाथांच्या गमकांचा विषय या आठवड्यात येणार होता. तो पुढे ढकलतोय. गेल्या लेखात अमेरिकन अल्टो सॅक्सोफोनवादक अर्ल बॉस्टिकचा ओझरता उल्लेख केला आणि लग्नाच्या बँडमध्ये अल्टो वाजवणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलं: 'बॉस्टिक जिथे जातो, तिथले सूर माझ्या चार्टमध्ये नाहीतच. बोटं कुठे ठेवायची ते छापा.'

छापत नाही. असे चार्ट ढिगाने मिळतात, आणि एकाच सुरासाठी ते चार वेगवेगळी बोटं सांगतात. खोटं कुणीच बोलत नाही. त्या उंचीवर एका वाद्यावर चालणारं फिंगरिंग दुसऱ्यावर चालेलच असं नाही. मुळात हा मामला बोटांचा कमी आणि गळ्याचा जास्त आहे.

सगळ्यात खालचा बी फ्लॅट धरा, म्हणजे सगळी भोकं बंद. त्याला मंद्र सा म्हणू. आता एकही बोट न हलवता, ऑक्टेव्ह कीला हात न लावता, त्याच नळीतून मध्य सा काढायचा. मग मध्य पंचम, तार सा, तार गंधार, तार पंचम. तंबोऱ्याच्या खर्जात जो गंधार आपोआप ऐकू येतो ना, तोच हा गंधार. तारेऐवजी हवेच्या खांबातून आलेला. सॅक्सोफोनचा नेहमीचा चार्ट या हिशेबाने तार पंचमावर संपतो (नव्या वाद्यांना वर आणखी एक अर्धा सूर असतो). पण नळी तिथे थांबत नाही. पुढचा सूर कोमल निषादाहून जरा उतरलेला, त्यापुढे अतितार सा, आणि अजून वर. बॉस्टिक तिथेच फिरायचा, तेही किंचाळत नाही, चक्क धून वाजवत. १९५२ मध्ये जॉन कोलट्रेन त्याच्या बँडमध्ये होता; पुढे बॉस्टिकच्या तंत्राबद्दल कोलट्रेन आदरानेच बोलला.

या ओव्हरटोनच्या नादाला सिगुर्ड राशेर जेवढा लागला तेवढा क्वचितच कुणी लागला असेल. जर्मनीत जन्मलेला हा वादक १९३३ मध्ये तिथून बाहेर पडला आणि अडीच सप्तकांच्या वाद्यावर चार सप्तकं वाजवू लागला. पुष्कळांना ती सर्कस वाटे. संगीतकार झाक इबेरला वाटली नाही. त्याने १९३५ चा आपला 'कॉन्चेर्तिनो दा कामेरा' राशेरलाच अर्पण केला. राशेरची मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याने ब्युशर कंपनीकडून एक सॅक्सोफोन करून घेतला होता, ज्याला ना भोकं, ना की. नुसती वळलेली पितळी नळी. त्यावर तो सूर काढून दाखवी. बोटं कुठे ठेवायची, या प्रश्नाला याहून सडेतोड उत्तर मला माहीत नाही. १९४१ च्या त्याच्या 'टॉप टोन्स फॉर द सॅक्सोफोन'मध्ये बोटांचे तक्ते आहेत; पण त्यांच्याआधी सूर मनात ऐकायचे धडे आहेत. शिकणारे ती पानं उलटून थेट तक्त्यांवर जातात आणि मग पुस्तकाला नावं ठेवतात.

मनात ऐकून नळीत काय फरक पडणार, असं वाटेल. पडतो, आणि तो मोजलाही गेलाय. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जेर-मिंग चेन, जॉन स्मिथ आणि जो वुल्फ यांनी टेनर सॅक्सोफोनच्या माउथपीसमध्ये मोजणीची यंत्रणा बसवली आणि वादक वाजवत असतानाच त्याच्या तोंडातली पोकळी कशाला अनुनाद देते ते पाहिलं. २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये ते प्रसिद्ध झालं. नेहमीच्या पट्ट्यात नळी इतकी जोरकस साथ देते की तोंडाने फारसं काही करावं लागत नाही. वरच्या टोकाला नळीचा अनुनाद दुबळा पडतो आणि रीड खालच्या सुरावर घसरते. मुरलेले वादक तिथे आपल्या तोंडा-घशाची पोकळी हव्या त्या सुराच्या आसपास लावतात. नवख्यांना ते जमलं नाही, आणि सूरही निघाले नाहीत. लावताना आपण जीभ नेमकी कुठे नेतो, हे त्या वादकांना शब्दांत सांगता येईलच असं नाही. गाणाऱ्याला तरी कुठे सांगता येतं? तो सूर आधी ऐकतो, गळा आपोआप तिथे जातो.

म्हणून रियाज असा. मंद्र सा च्या बोटांवर मध्य सा काढा आणि धरून ठेवा. मग लगेच मध्य सा ची खरी बोटं टाका. दोन्ही आवाजांची जात एक होईपर्यंत हेच. मग पंचम. गंधाराकडे घाई करू नका. तो पहिल्या आठवड्यात बहुतेकांना भेटत नाही. सूर आधी गुणगुणायचा, मग फुंकायचा. आणि जबडा आवळायचा नाही, हे लाल शाईने लिहून ठेवा. चावलं की रीड माउथपीसला चिकटते, वाट बंद होते, चिरका आवाज येतो आणि आपल्याला उगाच वाटतं की चढलो.

त्याच पत्रात दुसरा प्रश्न होता: अडीच नंबरची रीड टाकून अधिक कडक, साडेतीनची घेऊ का? वर थोडी मदत होईल, हे खरं. पण वरातीत तीन तास वाजवायचं असेल तर खालचे सूर खरखरीत होतील आणि ओठ सोलतील. अडीचवर आधी पंचम साधा, मग तीनचा विचार करू.

आणि एक सूचना. तार पंचमाच्या, म्हणजे एफच्या, लगेच वरचा जी अल्टोवर भलता हट्टी आहे. तो लागत नाही म्हणून पुष्कळजण वरची वाटच सोडतात. त्याला वळसा घालून आधी ए गाठा. ए पुष्कळदा अधिक सहज लागतो, आणि एकदा तो कानात बसला की तिथून खाली जी कडे उतरता येतं. गमक आणि कद्री पुढच्या आठवड्यात, मध्ये आणखी पत्र आलं नाही तर.