मुलीला कोणत्या खेळात घालावं?

‘मुलीला कुठल्या खेळात घातलं म्हणजे दहावी-बारावीला मार्क मिळतील?’ जून महिना उजाडला, की तुळजापुरातही बायकांच्या गप्पांत हा प्रश्न निघतोच. प्रश्नात वावगं काही नाही. खेळाडू विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत ५ टक्के जागा खेळाडूंसाठी राखीव असतात. कॉलेजच्या यादीत एका गुणानं नाव मागे पडतं, तिथं हा आधार मोठाच!

पण म्हणून गावात कुणी न पाहिलेला खेळ निवडायचा, का तर ‘त्यात स्पर्धा कमी’, हे मला पटत नाही. मैदान नाही, शिकवणारं कुणी नाही. मग हाती उरतो नुसता कागद. तोही खरा लागतो, बरं का! नोकरीच्या वेळी प्रमाणपत्राची पडताळणी होते. पैसे घेऊन प्रमाणपत्र आणून देणाऱ्यापासून चार हात लांबच राहावं.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात खो-खो घरचाच. दोन खांब, आखलेलं मैदान आणि शिकवणारे सर असले की झालं. भारताच्या माजी कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्याच्या. घरची गरिबी इतकी, की कित्येक वर्षं एकवेळच्या जेवणावर काढली. आई शिवणकाम करायची. २०१६मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारतानं दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं आणि त्याच वर्षी पैशांच्या ओढगस्तीनं त्यांनी खेळ सोडायचं ठरवलं होतं! प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली, म्हणून त्या मैदानावर परतल्या. पुढं क्रीडा अधिकाऱ्याची नोकरी मिळाली, तीही आपल्या तुळजापुरात. २०२०मध्ये अर्जुन पुरस्कार आला.

अशा गोष्टी ऐकून आपण टाळ्या वाजवतो. पण आपल्या घरात खेळून आलेल्या मुलाला दूध आणि मुलीला चहा, असं होत नाही ना, हे कोण पाहणार? महागडी पावडर नको. भाकरी, मोडाची उसळ, गूळ-शेंगदाण्याचा लाडू वेळेवर आणि पोटभर मिळाला तरी पुष्कळ.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी एकेक पायरी चढावी लागते. सहावीत मैदानावर गेलेल्या मुलीला त्यासाठी वेळ मिळतो. दहावीत मार्कांसाठी पाठवलेलीला कुठून मिळणार? आणि नेमकं आठवी-नववीत ‘आता मोठी झाली, पुरे धावणं’ म्हणून आपणच तिला घरी बसवतो. भवानीच्या गावात हे ऐकावं लागतं, याला काय म्हणावं! अंधाराची काळजी वाटत असेल, तर गल्लीतल्या चार मुली एकत्र पाठवाव्यात, आणायला आयांनी पाळीपाळीनं जावं.

प्रत्येक सामन्याचं प्रमाणपत्र फाइलमध्ये ठेवा, झेरॉक्स वेगळी. गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. तो गेला का, हे मुख्याध्यापकांना परीक्षेआधीच विचारा.