राज्याचा पाषाण

कोल्हापुरांत अंबाबाईच्या मंदिराच्या भिंतीवरून हात फिरवावा, १८८४ मध्यें पूर्ण झालेला नवा राजवाडा पाहावा, अथवा खिद्रापूरचें शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिर गांठावें. सर्वत्र भेटतो तो काळा पाषाणच. भूशास्त्रांत यास बेसॉल्ट म्हणतात. महाराष्ट्रानें शेकरू, हरियाल, आंबा व ताम्हण यांस राज्यचिन्हांचा मान दिला. २०१५ मध्यें निळवंत फुलपांखरूं व २०२३ मध्यें पापलेट यांची त्यांत भर पडली. ज्या दगडानें राज्याची बहुतेक भूमि घडली, त्यास मात्र या पंक्तींत पान मांडलेलें नाहीं.

परदेशांत अशी प्रथा रुळलेली आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियानें १९६५ मध्यें सर्पेंटाइन हा आपला खडक ठरविला. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतानें १९९९ मध्यें स्टिल्बाइट हें खनिज व अकीक हें रत्न निवडलें. येथें तीन शब्दांतील भेद ध्यानांत घ्यावा. ठराविक रासायनिक घडणीचा, बहुधा स्फटिकरूप असा निसर्गसिद्ध पदार्थ तें खनिज. खनिजांच्या समुदायानें बनतो तो खडक. आणि कांति व टिकाऊपणा यांमुळें जें अलंकारांत शोभतें तें रत्न.

या तिहींची महाराष्ट्रांत एकत्र वस्ती आहे. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून लाव्हारस उसळून त्याचे थरांवर थर पसरले. रस थिजतांना वायूचे बुडबुडे अडकून त्यांत पोकळ्या राहिल्या. पुढें खडकांतून ऊन पाणी झिरपलें आणि त्यांत विरघळलेलीं द्रव्यें या पोकळ्यांत सांकळलीं. कोठें गारगोटी, कोठें अकीक, तर कोठें मोत्याच्या झळाळीचा स्टिल्बाइट. नोव्हा स्कोशियानें गौरविलेलें हें खनिज पुणें, नाशिक व जळगांव या भागांतील खाणींत उत्तम प्रतीचें सांपडतें आणि देशोदेशींच्या संग्रहालयांत जाऊन बसतें. परंतु ओळखणारा डोळा जवळ नसेल, तर तेच स्फटिक खडीच्या यंत्रांत भरडले जाऊन रस्त्याखालीं गाडले जातात.

केवळ मान दिल्यानें दगड वांचत नाहीं, हें खरें. पण त्याची चर्चा होऊं लागते. सर्पेंटाइनमध्यें आरोग्यास घातक असें ॲस्बेस्टॉस असूं शकतें, म्हणून २०१० मध्यें त्याचा मान काढून घेण्याचा प्रस्ताव कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळांत आला. भूशास्त्रज्ञांनीं विरोध केला व प्रस्ताव संमत झाला नाहीं. त्या वादाच्या निमित्तानें आपल्या पायाखालच्या खडकाचे गुणदोष अनेकांच्या कानीं पडले.

महाराष्ट्रास निवड करावयाची झाल्यास बेसॉल्टचा हक्क पहिला. कोल्हापूरच्या पश्चिमेकडील डोंगरमाथ्यांवरचा जांभा आणि त्यांतील बॉक्साइट हींसुद्धां त्याचींच अपत्यें. युगानुयुगांच्या पावसानें काळा खडक कुजून तीं बनलीं. निवड होईल तेव्हां होवो. तोंवर जुन्या वाड्याच्या जोत्यांत एखाद्या काळ्या दगडावर पांढरे ठिपके दिसले, तर ते घरांतील मुलांस अवश्य दाखवावे. त्यांतील पुष्कळसे ठिपके म्हणजे भरून आलेल्या त्या प्राचीन पोकळ्याच होत.