खिशातली टॉर्च घेताना आधी रंग बघा, लुमेन नंतर

हा आपल्या एपिसोडचा लिहिलेला भाग. ऐकताना आकडे निसटून जातात आणि ऑर्डर करताना नेमके तेच लागतात, म्हणून इथे नीट मांडून देतोय. विषय आहे रोज खिशात मावेल अशी छोटी टॉर्च, जिच्या उजेडात वस्तूंचे रंग खरे दिसतात.

आता कोणी म्हणेल, टॉर्चमध्ये रंग कसला बघायचा? उजेड पडला की झालं! पण जालना जिल्ह्यात राहणाऱ्याला एवढ्यावर भागत नाही. दोन कामं सांगतो.

पहिलं काम स्टार्टरच्या पेटीतलं. शेतीच्या फीडरला थ्री-फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री. सोलरमुळे काही ठिकाणी दिवसाची लाइट सुरू झालीय, पण रात्री दारं धरायला जाणं अजून संपलेलं नाही. अशात मोटार बंद पडली की पेटी उघडावी लागते. आत लाल, पिवळी, निळी अशा तीन फेजच्या वायरी. जोडताना यातल्या कुठल्याही दोन अदलाबदल झाल्या तर मोटार उलटी फिरते आणि पाणी नीट चढत नाही. केबल नवी असेल तर कुठल्याही उजेडात रंग कळतो. पण दहा वर्षं उन्हात विटलेली, मातीने माखलेली लाल वायर स्वस्त टॉर्चच्या निळसर उजेडात तपकिरी, कधी काळपट दिसते. पिवळी पांढरट वाटते. (आणि हो, हात घालायच्या आधी मेन स्विच बंद. कुठलीही टॉर्च हे काम करत नाही.)

दुसरं काम मोसंबीच्या बागेतलं. जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. आंब्या बहाराची फळं पक्व होत आली की अंधार पडल्यावर रस शोषणारे पतंग येतात. पतंग फळाला सोंडेने बारीक भोक पाडतो, त्या जागी फळ सडायला लागतं आणि गळून पडतं. याच्या अळ्या मोसंबीवर नाही, गुळवेल आणि वासनवेल अशा रानवेलींवर वाढतात, म्हणून बांधावरच्या या वेली काढायला सांगतात. सोबत बागेत धूर करणं आणि रात्री टॉर्च घेऊन पतंग पकडून मारणं हेही चालतं. गंमत अशी की या पतंगाचे मागचे पंख नारिंगी असतात, पण बसला की ते झाकले जातात आणि वर दिसतो तो वाळलेल्या पानासारखा तपकिरी रंग. फळावरचा डागही सुरुवातीला फिकट तपकिरीच. म्हणजे सगळा खेळ हिरवा, पिवळा आणि तपकिरी यांतल्या फरकाचा. ज्या उजेडात तपकिरी रंग राखाडी दिसतो, तिथे डोळ्यांचं काम दुप्पट होतं.

असं होतं का?

पांढरी एलईडी मुळात पांढरी नसतेच. आत निळी एलईडी असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. निळा आणि पिवळा उजेड मिसळला की डोळ्याला पांढरं वाटतं. (या निळ्या एलईडीसाठीच आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) पण या मिश्रणात गडद लाल उजेड फार कमी असतो. आणि जो रंग उजेडातच नाही, तो वस्तूवरून परत येणार कुठून?

मग कंपन्या लाल का वाढवत नाहीत? कारण लुमेन हा आकडा माणसाच्या डोळ्याच्या संवेदनेवरून मोजतात. डोळा सगळ्यात जास्त संवेदनशील हिरव्याला, साधारण ५५५ नॅनोमीटरला. गडद लाल उजेडावर वीज खर्च केली तर लुमेन फारसे वाढत नाहीत. खोक्यावर मोठा आकडा छापायचा असेल तर लाल सोडून देणं कंपनीला परवडतं.

सीआरआय आणि आर-९

प्रकाश रंग किती खरे दाखवतो ते मोजायचं माप म्हणजे कलर रेंडरिंग इंडेक्स, थोडक्यात सीआरआय. जुना फिलामेंटचा बल्ब १०० ला असतो. साध्या थंड पांढऱ्या टॉर्चचा आकडा ७० च्या आसपास. आपल्याला हवा ९० किंवा जास्त.

पण इथे एक मेख आहे. सीआरआय ही आठ रंगांची सरासरी, आणि ते आठही रंग तसे फिकट आहेत. भडक लाल रंग नवव्या क्रमांकावर येतो, त्याला आर-९ म्हणतात, आणि तो सरासरीत धरलेलाच नाही! त्यामुळे सीआरआय ८० असूनही आर-९ शून्याजवळ असू शकतो, शून्याच्या खालीही जाऊ शकतो. वायरीचा लाल, रक्त, कातडीवरची लाली, हे सगळं आर-९ वर अवलंबून. म्हणून माहितीपत्रकात दोन आकडे शोधा: सीआरआय ९० च्या वर, आर-९ किमान ५०. आर-९ दिलाच नसेल तर एलईडीचं नाव शोधा. निचिया ५१९ए किंवा सॅमसंग एलएच३५१डीची ९० सीआरआयवाली आवृत्ती असेल तर बरीचशी खात्री.

तिसरा आकडा केल्विनचा. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, २७०० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळा. रोजच्या वापराला ४००० ते ५००० मला सगळ्यात बरा वाटतो. मात्र केल्विन आणि सीआरआय या वेगळ्या गोष्टी. उजेड पिवळसर आहे म्हणून रंग खरे दिसतील असं नाही.

एक लाख लुमेनचं गणित

ऑनलाइन 'एक लाख लुमेन' लिहिलेल्या टॉर्च दिसतात ना? चला, हिशोब करू. चांगल्या १८६५० सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएच, म्हणजे जवळपास साडेबारा वॉट-अवर. छोट्या टॉर्चमध्ये एका वॉटला ढोबळमानाने १०० लुमेन धरा. एक लाख लुमेनला १००० वॉट लागले. सेल ४५ सेकंदांत संपला, आणि त्याआधी हात भाजला! प्रत्यक्षात खिशातली टॉर्च ३०० ते ५०० लुमेन सलग देऊ शकली तरी खूप झालं, त्यापुढे तापते आणि स्वतःच उजेड कमी करते. ९९०० एमएएच छापलेला १८६५० सेलही त्याच जातकुळीतला, घेऊ नका.

लांब किती दिसेल ते लुमेनवर नाही, कँडेलावर ठरतं. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, तेवढे मीटर. २५०० कँडेलाला १०० मीटर, १०,००० ला २००. पण त्या टोकाला उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच उरतो, तेव्हा कामाचं अंतर निम्मंच धरा. पायवाट, पेटी आणि झाडासाठी लांब झोतापेक्षा पसरट उजेड चांगला.

सेल कुठला?

जवळच्या किराणा दुकानात एए सेल मिळतो, १८६५० मिळेलच असं नाही. हे लक्षात ठेवून ठरवा. एए सेलच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेल येतो, पण तो पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. फक्त १.५ व्होल्टसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये घातला तर टॉर्च जळू शकते. दोन्ही चालतात असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घाला.

नावं विचाराल म्हणून सांगतो, जाहिरात नाही. सोफिर्न एसपी१० प्रो: एए आणि १४५०० दोन्ही चालतात, आकार बोटाएवढा, सेल मात्र बाहेर काढून चार्ज करावा लागतो. वुर्कोस एफसी११सी: १८६५० सेल, मोबाइलच्याच सी-टाइप केबलने चार्जिंग, मागे चुंबक. पेटीच्या पत्र्याला चिकटवली की दोन्ही हात मोकळे. कॉन्व्हॉय एस२ प्लस: साधी, दणकट, पण ऑर्डर करताना ५१९ए एलईडी निवडायला विसरू नका, कारण हेच मॉडेल कमी सीआरआयच्या एलईडीतही येतं.

घरी तपासायची पद्धत

टॉर्च आली की रात्री अंधाऱ्या खोलीत तळहातावर मारा. हात निर्जीव, फिकट दिसला तर लाल कमी आहे. मग एक लाल, एक मरून आणि एक तपकिरी कापड शेजारी ठेवा. तिन्ही पटकन वेगळी कळली पाहिजेत. जुनी सीडी असेल तर तिच्यावर उजेड पाडून इंद्रधनुष्य बघा. लाल पट्टा ठळक हवा. परत करायची मुदत संपायच्या आत हे करा.

शेवटचं, सापांबद्दल. चांगल्या रंगाने वाळल्या पाचोळ्यातला घोणस थोडा लवकर नजरेत येऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. गमबूट घालाच, आणि उजेड लांब न मारता पुढच्या चार-पाच पावलांवर ठेवा. मोबाइलची टॉर्च आहेच की, असं वाटत असेल तर एवढंच म्हणेन: विहिरीच्या काठावर वाकताना हातात फोन हवा की दोरी बांधलेली टॉर्च, ते तुम्हीच ठरवा.

घरात कोणी रात्री शेतात जात असेल तर पहिली टॉर्च त्यांच्या खिशात द्या. तुमची दुसरी. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!