विंध्याच्या उंबरठ्यावर

इंदूरहून महेश्वरला किंवा ओंकारेश्वरला आपण सारेच जातो. सोमवती अमावास्या असो, पाहुणे आलेले असोत की घरातील नव्या सुनेला महेश्वरी लुगडे घ्यायचे असो, नर्मदेची वाट आपल्या पायाखालची आहे. परंतु या वाटेवर आपण विंध्याद्रीसारखा पुराणप्रसिद्ध पर्वत ओलांडतो, ही गोष्ट किती जणांच्या ध्यानात राहते? मोटारीच्या काचा वर असतात, गप्पांना रंग चढलेला असतो आणि घाट केव्हा आला नि केव्हा संपला हे कळतही नाही. तो पर्वत खऱ्या अर्थाने भेटावयाचा असेल, तर त्याच्याकडे सायकलीने जावे आणि शेवटचा टप्पा पायी चालावा, असे आम्ही अनुभवाने म्हणतो. गेल्या भाद्रपदात आम्ही अकरा जण महूहून निघून जाम दरवाजापर्यंत आणि तेथून कड्याच्या धारेने जंगलातून हिंडून आलो, त्याचा हा वृत्तान्त.

एका बाजूचा पर्वत

उत्तरेकडून पाहिले तर येथील विंध्य हा पर्वत वाटतच नाही. हिमालय किंवा सह्याद्री पुढे भिंतीसारखा उभा राहतो. विंध्य मात्र माळव्याच्या पठारातच दडलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून हे पठार घडले. त्याचा कल उत्तरेकडे आहे. म्हणून इंदूर-महूकडून दक्षिणेस जाणारा मनुष्य हळूहळू वर चढत असतो आणि त्याला ते जाणवत नाही. पठाराची दक्षिणेकडील कड मात्र एकदम तुटलेली आहे. ती तुटलेली कड म्हणजेच विंध्य. त्याला उत्तरेकडून पाठ आहे आणि दक्षिणेकडून तोंड.

मोटारीत न कळणारी ही गोष्ट सायकलीवर पहिल्या तासातच कळते. पहाटे आम्ही सायकली टेम्पोत घालून महूला पोहोचलो. ज्या गावी १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, ते हे गाव. २००३ पासून त्याचे नावही डॉ. आंबेडकरनगर असे झाले आहे. पोहे आणि जलेबी यांचा माळवी रिवाज पाळून आम्ही बडगोंद्याच्या रस्त्याला लागलो. दुतर्फा सोयाबीन आणि मका. समोर एकही टेकडी अशी नव्हती की जिच्याकडे बोट दाखवून हा चढ म्हणावे. तरीही पायडल जड होत चालले. आमच्यातील नववीत शिकणाऱ्या मुलाने दोनदा उतरून चाकात हवा आहे की नाही ते पाहिले. हवा भरपूर होती. पर्वत पायांखाली आला होता, इतकेच.

बडगोंद्याच्या पुढे शेते विरळ होतात आणि साग सुरू होतो. भाद्रपदात सागाला पांढरट फुलोऱ्याचे तुरे आलेले असतात. त्याच्या सोबतीला पळस, मोह, तेंदू, धावडा आणि सालई. आणि रस्त्याच्या कडेने जागोजाग सीताफळाची झुडपे. उन्हाळ्यात हेच रान काटक्यांचे भासते. ते पानगळीचे जंगल आहे. पाणी जपण्यासाठी पाने टाकून देणे हीच त्याची रीत. वाटेवर लंगूर दिसतात. बिबट्याचाही येथे वावर आहे, म्हणून अंधार पडण्यापूर्वी परतावे असे वस्तीवरील माणसे आवर्जून सांगतात. ही वस्ती मुख्यतः भिल्ल आणि भिलाला समाजाची. एका झोपडीपुढे आम्हांला निखाऱ्यावर भाजलेले भुट्टे मिळाले. त्यांची चव सराफ्यातल्या कोणत्याही पदार्थाने मान खाली घालावी अशी होती.

अहिल्यादेवींचा दरवाजा

महूपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर रस्ता एका वळणाशी येतो आणि समोर काळ्या दगडाचा भव्य दरवाजा उभा राहतो. आजूबाजूला ना गाव, ना तट, ना किल्ला. एका दरवाजाभोवती सारे रान. इ. स. १७९१ मध्ये तो अहिल्यादेवींनी बांधविला. वर पहारेकऱ्यांसाठी दालने आहेत, झरोके आहेत, आणि कमानीखालून बैलगाड्यांचा तांडा जाईल इतकी प्रशस्त वाट आहे.

येथेच दरवाजा का, याचे उत्तर त्याच्या पलीकडे चार पावले टाकल्यावर मिळते. जमीन संपते. अक्षरशः संपते. आम्ही पोहोचलो तेव्हा खालून धुके वर येत होते आणि कड्याच्या टोकाशी फक्त पांढरी पोकळी होती. दहाच्या सुमारास ते विरळ झाले आणि एकामागून एक दऱ्या उघडू लागल्या. प्रत्येक सोंडेच्या दोन्ही अंगांना खोल घळ, माळव्याच्या भाषेत ‘खो’. तिच्या तळाशी पावसाळी ओहोळाची चकाकती रेघ. आणि त्या सर्वांच्या पायथ्याशी पसरलेला निमाडचा सखल प्रदेश. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तर खाली नर्मदाकाठचे मंडलेश्वर दीडशेच्या आसपास. हवा वेगळी, माती वेगळी, बोली वेगळी. एका कड्याने दोन प्रांत केले आहेत.

अहिल्यादेवींनी १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरहून राज्य केले. त्यांची राजधानी कड्याखाली आणि माळव्याचा मोठा मुलूख कड्यावर. सैन्य, सरकारी टपाल, धान्याचे तांडे, यात्रेकरू यांना या उंबरठ्यावरून जावे लागे. उंबरठा आला की दार हवे, आणि दाराशी राखण हवी. चौंडीसारख्या लहानशा गावातून आलेल्या या स्त्रीने देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण तिची राज्यकारभाराची दृष्टी पाहावयाची असेल, तर या आडरानातील दरवाजापाशी उभे राहावे.

पाण्याची वाटणी

दरवाजापाशी सायकली कुलूप लावून ठेवल्या आणि आम्ही कड्याच्या धारेने पायी निघालो. या धारेचे एक वैशिष्ट्य चालताना मनात ठसते. पावसाचा थेंब उजवीकडे पडतो की डावीकडे, यावर त्याचा समुद्र ठरतो. येथून पश्चिमेस याच रांगेत जानापाव आहे. परशुरामाचे जन्मस्थान म्हणून तेथे कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते आणि तेथेच चंबळ उगम पावते. ती उत्तरेस वळून यमुनेला मिळते. म्हणजे तेथले पाणी गंगेबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. उलट कड्याच्या दक्षिणेस पडलेला थेंब ओहोळा-ओहोळांनी नर्मदेत उतरतो आणि भरूचपाशी अरबी समुद्राला मिळतो. हाताच्या अंतरावर पडलेल्या दोन थेंबांची अशी कायमची ताटातूट होते. निसर्गाने ही वाटणी लक्षावधी वर्षांपूर्वी करून ठेवली.

आपण ती मोडली. याच परिसरातील वांचू पॉइंट या ठिकाणी तिची खूण दिसते. मंडलेश्वरजवळ जलूद येथे नर्मदेचे पाणी उपसून, टप्प्याटप्प्याने पंपांनी पाचशे मीटरहून अधिक उंच चढवून ते या धारेवर आणले जाते. पुढे उताराने ते इंदूरला पोहोचते. एकूण वाट सुमारे सत्तर किलोमीटरची. आपल्या घरी सकाळी जो नळ येतो, त्याचे पाणी आदल्या दिवशी हा पर्वत चढून आलेले असते.

आमच्यातील ज्येष्ठ गृहस्थ त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. १९७० साली इंदूरकरांनी नर्मदेच्या पाण्यासाठी मोठे आंदोलन केले, तेव्हा ते कॉलेजात होते आणि मिरवणुकांत होते. सिरपूर, बिलावली हे तलाव आणि १९३९ चा यशवंतसागर यांवर वाढत्या शहराची तहान भागेना, म्हणून ते आंदोलन होते. १९७८ मध्ये पाणी आले. “पाणी आणा म्हणून आम्ही घसा कोरडा केला,” ते म्हणाले, “पण ते कोठून, किती उंच चढून येणार, हे आज प्रथम पाहतो आहे.” मग पुष्कळ वेळ ते दरीकडे पाहत बसले. त्यांच्या बोलण्यात खंत नव्हती. तहानलेल्या शहराने पाणी मागितले यात चूक ती कोणती? पण पन्नास वर्षांच्या सवयीने आपण त्या पाण्याचा प्रवास विसरलो, हे त्यांना लागले असावे.

विसरण्याची किंमत पुढे मोजावी लागली. क्षिप्रा हीदेखील या पठाराच्याच उंच भागातून निघून उत्तरेस वाहणारी नदी. तिच्या उगमाकडचे झरे आटले, विहिरी आणि कूपनलिका खोल गेल्या, आणि बारमाही नदी हंगामी झाली. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी सुमारे साडेतीनशे मीटर चढवून उज्जैनी गावाजवळ क्षिप्रेत सोडण्यात आले, आणि २०१६ चा सिंहस्थ त्या पाण्यावर पार पडला. २०२८ चा सिंहस्थ आता समोर आहे. भाविकाने डुबकी क्षिप्रेत घ्यावी आणि अंगाला नर्मदा लागावी, असा हा योग! ज्या नर्मदेकडे आपण असे हात पसरतो, तिच्या काठच्या निमाडातील कितीतरी गावांनी धरणांसाठी घरेदारे सोडली आहेत, हेही कड्यावरून खाली पाहताना आठवावे.

आणि मग या जंगलाचे मोल कळते. काळ्या खडकाच्या भेगांत पावसाचे पाणी मुरवून ते महिनोनमहिने थेंबाथेंबाने दोन्ही बाजूंना सोडण्याचे काम हे रान करते. त्याला वीज लागत नाही, पंप लागत नाही. जेथे झाडोरा दाट होता तेथे आम्हांला कातळातून झरणारे पाणी भेटले. जेथे उतार बोडका झाला आहे तेथे कालच्या पावसाने फक्त माती वाहून नेलेली दिसली. धारेवरचे एक झाड तुटले तर ते चंबळेलाही उणे आणि नर्मदेलाही.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द

श्रावण ते कार्तिक हा काळ उत्तम. फाल्गुनात पळस पाहण्यासाठी पुन्हा जावे. धुक्यात कड्याच्या टोकाशी जाऊ नये. ओल्या कातळावर शेवाळ असते. पाण्यात उतरण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. याच रांगेतील पाताळपाणीच्या धबधब्यावर जुलै २०११ मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात पाहता पाहता माणसे वाहून गेली. वर आकाश निरभ्र असले तरी उगमाकडे पाऊस पडत असतो. महूच्या आसपास लष्कराचा सरावाचा प्रदेश आहे. तेथील पाट्यांचा मान राखून डांबरी रस्ता आणि मळलेली पायवाट सोडू नये. सायकलीचे ब्रेक निघण्यापूर्वी तपासावेत आणि दरवाजाच्या पलीकडचा घाट सायकलीवर बसून उतरण्याचे धाडस नवख्याने करू नये. प्यायचे पाणी बरोबर न्यावे, रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात.

ज्यांना सायकल झेपत नाही त्यांनी हाच पर्वत रेल्वेच्या वाटेने पाहावा. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन जी होळकर स्टेट रेल्वे उभी केली, तिचा खंडवा ते सनावद हा पहिला भाग १८७४ मध्ये सुरू झाला आणि पुढे काही वर्षांत लोहमार्ग हा घाट चढून इंदूरला आला. पाताळपाणी ते कालाकुंड या घाटातून २५ डिसेंबर २०१८ रोजी वारसा गाडी सुरू झाली; जाण्यापूर्वी तिचे वेळापत्रक विचारून घ्यावे. पाताळपाणीलाच टंट्या भिल्लाचे मंदिर आहे. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी गेलेल्या या वीरापुढे तेथे गाड्या क्षणभर थांबत, अशी रीत लोक सांगतात.

मुलांना मात्र शक्य तोवर सायकलीनेच न्यावे, आणि निघण्यापूर्वी काही सांगू नये. चढ दिसत नसताना पाय का दुखतात हे त्यांचे त्यांनाच शोधू द्यावे. जमीन संपल्यावर ती आपोआप विचारतील, की खालची ती नदी कोणती आणि तिचे पाणी आपल्या घरी कसे येते. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी जाम दरवाजाच्या पायरीइतकी चांगली जागा आम्हांला तरी ठाऊक नाही.